फौजेतून ठगांच्या मागावर : विल्यम स्लीमनचे जीवनकार्य

विल्यम हेन्री स्लीमन (८ ऑगस्ट १७८८–१० फेब्रुवारी १८५६) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करातील अधिकारी. मध्य हिंदुस्थानातील वाटसरूंचा गळा आवळून त्यांना लुटणाऱ्या ठगांच्या टोळ्या त्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोडून काढल्या. हे काम त्याने मुख्यतः कागदाच्या बळावर केले. पकडलेल्या ठगांच्या जबान्या, त्यांच्या घराण्यांच्या वंशावळी, प्रेते पुरलेल्या जागांचे नकाशे आणि फरारी माणसांच्या याद्या यांतून त्याने तपासाची एक पद्धत उभी केली. हिंदुस्थानभर अधिकार असणाऱ्या पहिल्या पोलीस यंत्रणेचा पाया या पद्धतीतूनच घातला गेला. माणसाला कुळावरून गुन्हेगार ठरवण्याची घातक समजूतही तिच्यातूनच बळावली. स्लीमनच्या कार्याचे मोल ठरवताना या दोन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यातील स्ट्रॅटन या गावी त्याचा जन्म झाला. वडील फिलिप स्लीमन अबकारी खात्यात नोकरीला होते. विल्यम १८०९ मध्ये बंगाल लष्करात उमेदवार म्हणून दाखल झाला आणि १८१४ मध्ये लेफ्टनंट झाला. १८१४ ते १८१६ या काळातील नेपाळ युद्धात तो लढला. त्या मोहिमेत तापाच्या साथीने त्याच्या पलटणीतील अनेकांचे बळी घेतले. तो स्वतःही मरता मरता वाचला आणि त्या दुखण्याचा त्रास त्याला पुढे अनेक वर्षे होत राहिला. लष्करात असतानाच त्याने हिंदुस्थानी, फारसी आणि अरबी या भाषांचा मन लावून अभ्यास केला. दुभाष्याची मदत न घेता थेट कैद्यांशी बोलता येणे, हे पुढे त्याचे सर्वांत उपयोगी हत्यार ठरले.

१८२० मध्ये त्याची नेमणूक मुलकी कामावर झाली. नाव आणि हुद्दा लष्करी, पण काम महसूल, न्याय आणि बंदोबस्ताचे, अशी त्याची पुढची सारी कारकीर्द होती. तो सागर आणि नर्मदा प्रदेशात गव्हर्नर जनरलच्या एजंटाचा साहाय्यक झाला. या मुलखाशी मराठ्यांचा इतिहास घट्ट जोडलेला आहे. सागर आणि आसपासचा भाग पेशव्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले यांच्या घराण्याकडे होता, तर जबलपूर आणि नर्मदेकाठचे जिल्हे नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १८१७-१८ च्या इंग्रज–मराठा युद्धानंतर हा सगळा प्रदेश कंपनीकडे गेला. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला होता, पण फौजा मोडल्याने हजारो शिपाई बेकार झाले होते. जुनी सत्ता गेली होती आणि नवी अजून रुजायची होती. दक्षिणेतून उत्तर हिंदुस्थानात जाणारे हमरस्ते याच मुलखातून जात होते आणि ठगांच्या धंद्याला याहून सोयीची जागा नव्हती.

१८२२ मध्ये स्लीमनकडे नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार आला. जिल्ह्यातली प्रत्येक चोरी आणि प्रत्येक चोर आपल्याला माहीत आहे, असा त्याला विश्वास होता. पुढे ठगांच्या जबान्या घेताना त्याला कळले, की त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली गावात, ठगांची एक टोळी खुशाल राहत होती. तिथून एका मजलेवर सागर आणि भोपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंदेसूरच्या दाट आमराया होत्या आणि साऱ्या हिंदुस्थानातील मोठ्या वधस्थानांपैकी एक तिथेच होते. त्या वेळी हे कोणी सांगितले असते तर आपण त्याला वेड्यात काढले असते, असे त्याने नंतर मोकळेपणाने लिहून ठेवले. त्या काळचा कारभार किती वरवरचा होता, हे या कबुलीतून कळते.

ठगांचे अस्तित्व कंपनीला अगदीच अपरिचित नव्हते. रजेवर गावी निघालेले शिपाई पगाराची शिल्लक कमरेला बांधून चालत जात आणि वाटेत नाहीसे होत. म्हणून १८१० मध्येच एका लष्करी हुकमाने शिपायांना ठगांपासून सावध राहण्याची आणि रोकड जवळ न बाळगता हुंडीने पाठवण्याची ताकीद दिली होती. मद्रास इलाख्यातील डॉ. शेरवुड याने १८१६ मध्ये दक्षिणेत फासेगार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठगांविषयी सविस्तर निबंध प्रसिद्ध केला होता. परंतु हे सगळे प्रयत्न सुटे राहिले. एका जिल्ह्यात पाठलाग सुरू झाला की टोळी शेजारच्या संस्थानात जाई आणि प्रकरण तिथेच थांबे.

टोळीच्या कामाची वाटणी ठरलेली असे. ‘सोथा’ म्हणजे गोड बोलून वाटसरूंचा विश्वास मिळवणारा. प्रवास धोक्याचा आहे, सोबतीने जाऊ, असे सांगून तो त्यांना टोळीत ओढी. ‘भुरतोट’ रुमालाने किंवा पट्ट्याने गळा आवळी, त्याच वेळी ‘शमसिया’ सावजाचे हात धरून ठेवी, आणि ‘लुघा’ आधीच खणलेल्या खड्ड्यात प्रेते पुरी. मुक्कामावर, गप्पागोष्टी रंगल्या असताना, म्होरक्याने ठरलेला संकेताचा शब्द उच्चारला की क्षणात सगळे उरके. टोळीत हिंदू आणि मुसलमान असे दोघेही असत. पावसाळ्यात हेच लोक गावी शेती करीत, तर कोणी शिपाईगिरी करी. गावचा जमीनदार किंवा पाटील लुटीतला वाटा घेऊन त्यांना पाठीशी घाली.

हे गुन्हे कोर्टात सिद्ध होणे जवळजवळ अशक्य होते. मेलेला माणूस परमुलखातला. त्याचे नातलग शेकडो कोसांवर, आणि तो कुठे नाहीसा झाला हेही त्यांना ठाऊक नसे. प्रेत सापडत नसे, साक्षीदार उरत नसे. खून एका राज्यात, लूट विकली दुसऱ्या राज्यात आणि गुन्हेगार राहतो तिसऱ्याच राज्यात, अशी स्थिती होती. कंपनीच्या नेहमीच्या न्यायालयांत साथीदाराच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. सागर–नर्मदा प्रदेश मात्र नेहमीच्या कायदेकानूंच्या चौकटीबाहेर ठेवलेला होता. तिथे गव्हर्नर जनरलच्या एजंटाला खटले चालवण्याचे विशेष अधिकार होते आणि ही मुभाच स्लीमनच्या मोहिमेला उपयोगी पडली.

१८२० च्या दशकाच्या अखेरीस सरकारला या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे कठीण झाले. अमरावतीचे बडे सावकार धनराज शेठ यांचे खजिने वाटेत लुटले गेले आणि ते नेणारी माणसे मारली गेली. सोन्याचांदीची ने-आण करणाऱ्या पेढ्यांना धास्ती बसली. १८२९ मध्ये कॅप्टन बोर्थविक याने माळव्यात एक मोठी टोळी पकडली आणि तिच्यावर खटला चालवून दाखवला. त्या सुमारास जबलपूरचा कारभार स्लीमनकडे आला होता. विल्यम बेंटिंक हा गव्हर्नर जनरल आणि एफ. सी. स्मिथ हा सागरचा एजंट होता; या दोघांचाही स्लीमनला भक्कम पाठिंबा मिळाला. १८३० च्या ऑक्टोबरमध्ये स्लीमनने कलकत्त्याच्या एका नियतकालिकात निनावी पत्र लिहून ठगांचा धंदा सगळ्या देशभर कसा पसरला आहे, याकडे लक्ष वेधले. त्यानंतर मोहिमेला सरकारी बळ मिळाले.

माफीचा साक्षीदार हा स्लीमनच्या पद्धतीचा कणा होता. ज्याने आपले सगळे गुन्हे कबूल केले आणि साथीदारांची नावे दिली, त्याला फाशीतून सूट मिळे. सुटका मात्र होत नसे. एक जरी गोष्ट लपवल्याचे उघड झाले तर सूट रद्द होई. अशा साक्षीदारांना एकमेकांपासून वेगळे ठेवून प्रत्येकाकडून एकाच घटनेची हकीकत स्वतंत्रपणे लिहून घेतली जाई: कोणत्या साली, कोणत्या गावाजवळ, किती वाटसरू, कोणाच्या हातून, काय लूट मिळाली. मग हे कागद ताडून पाहायचे. जुळणाऱ्या ठिकाणी साक्षीदाराला घेऊन जायचे आणि जमीन खणायची. हाडे निघाली की कबुलीला पुरावा मिळे. पकडलेल्या माणसाला ओळखपरेडीत उभे केले जाई आणि एकाहून अधिक साक्षीदारांनी त्याला नावगावासह ओळखावे, अशी अपेक्षा असे.

या कामातला सर्वांत मोलाचा साक्षीदार होता फिरंगिया. हा तरुण म्होरक्या अनेकदा निसटला होता. स्लीमनने त्याच्या घरच्या बायकामाणसांना ताब्यात घेतले आणि १८३० च्या अखेरीस तो हाती लागला. जीव वाचवायच्या अटीवर तो बोलू लागला. सलोहदा या गावी स्लीमनचा तंबू आमराईत लागला होता. फिरंगियाने तिथल्या जमिनीवर तीन जागा दाखवल्या आणि खणायला सांगितले. तंबूच्या दोऱ्यांमध्ये एक पंडित आणि त्याचे सहा नोकर पुरलेले होते; १८१८ मधला तो खून होता. घोडे बांधले होते त्या जागेखाली १८२४ मध्ये मारलेला एक हवालदार आणि चार शिपाई होते. स्लीमन ज्या तंबूत झोपत होता, त्याच्या खाली गंगाजळ वाहून नेणारे चार ब्राह्मण आणि एक बाई यांची प्रेते होती. ठगांच्या जुन्या वहिवाटीप्रमाणे बाईला आणि गंगाजळवाल्यांना मारणे निषिद्ध मानले जाई. पुढे जबान्या देताना कित्येक ठगांनी आपल्या अधोगतीचे कारण हेच सांगितले, की आपण आपली आराध्य देवी भवानी हिचे नियम मोडले आणि म्हणून तिने पाठ फिरवली. आमराईतल्या त्या तीन खड्ड्यांनी कबुलीजबाबांवरचा सरकारचा उरलासुरला संशय दूर केला.

यानंतर धरपकडीला वेग आला. साक्षीदार बरोबर घेऊन नजीबांची (सशस्त्र शिपायांची) पथके दूरदूर जाऊ लागली. स्लीमनने एकेका घराण्याची वंशावळ तयार केली. कोणाचा बाप कोण, कोणाची मुलगी कोणाला दिली, कोण मेला, कोण फाशी गेला, कोण अजून फरारी आहे, हे सगळे त्या तक्त्यांवर नोंदलेले असे. वधस्थानांचे नकाशे काढले गेले. लखनौचा कॅप्टन पॅटन याने अवधमधल्या सुमारे १४०० मैलांच्या रस्त्यांवर अशी २७४ ठिकाणे नोंदवली. म्हणजे सरासरी दर पाच मैलांवर एक. निजामाच्या मुलखात हेच काम कॅप्टन रेनॉल्ड्सने केले. जानेवारी १८३५ मध्ये स्लीमन ठगी निर्मूलनाच्या कामाचा सर्वाधिकारी झाला. संस्थानिकांच्या हद्दीतही त्याच्या माणसांना शिरकाव मिळू लागला आणि सरहद्द ओलांडून सुटण्याची ठगांची जुनी वाट बंद झाली.

१८३६ साली कायद्यात मोठा बदल झाला. त्या वर्षीच्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरवला आणि त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप ठेवली. हा कायदा मागच्या काळालाही लागू होता, आणि गुन्हा कंपनीच्या हद्दीत घडला की बाहेर, याने फरक पडत नव्हता. अमुक माणसाने अमुक खून केला, हे आता सिद्ध करावे लागत नव्हते. त्याच वर्षी स्लीमनचा ‘रामसीयाना’ हा ग्रंथ कलकत्त्यात प्रसिद्ध झाला. ठगांची सांकेतिक बोली रामसी, तिचा कोश, त्यांच्या समजुती आणि साक्षीदारांशी झालेली प्रश्नोत्तरे त्यात आहेत. निजामाच्या नोकरीतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिली आणि ठगांचे नाव इंग्लंडभर झाले.

मोहिमेचा आवाका आकड्यांतून दिसतो. १८२६ ते १८३५ या काळात १५६२ जणांवर खटले झाले आणि त्यांपैकी सुमारे १४०० जणांना फाशी, काळे पाणी किंवा जन्मठेप झाली. काळ्या पाण्यावर धाडलेल्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवला जाई. माफीच्या साक्षीदारांना आणि त्यांच्या मुलाबाळांना जबलपुरात राखलेल्या वसाहतीत ठेवले होते. तिथे १८३७ च्या सुमारास उद्योगशाळा निघाली आणि तंबू, सतरंज्या, गालिचे यांची निर्मिती होऊ लागली. जन्मभर खून करणाऱ्या माणसांना हातमागावर बसवण्याचा हा प्रयोग त्या काळी पुष्कळ गाजला. मुलांना हुन्नर शिकवावा, म्हणजे ती बापाच्या वाटेने जाणार नाहीत, हा त्यामागचा विचार होता. मात्र ही मुले त्या आवाराबाहेर मोकळी वाढली नाहीत.

१८३९ पासून दरोडेखोरीचा बंदोबस्तही स्लीमनकडेच आला आणि ‘ठगी व डकैती खाते’ या नावाने ही यंत्रणा ओळखली जाऊ लागली. १८४३ मध्ये दरोडेखोरांच्या टोळ्यांनाही ठगांसारखाच कायदा लागू झाला.

स्लीमनची दृष्टी फक्त गुन्हेगारांपुरती मर्यादित नव्हती. १८२८ मध्ये जबलपूरजवळच्या बडा सिमला टेकडीवर त्याला अवाढव्य हाडांचे जीवाश्म सापडले. आशियात मिळालेले डायनोसॉरचे ते पहिले अवशेष होते, हे पुढे सिद्ध झाले. रिचर्ड लायडेकर याने १८७७ मध्ये त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस असे नाव दिले. १८२९ मध्ये जबलपूर येथे स्लीमनचा विवाह अमेली द फोंतेन या फ्रेंच सरदारकन्येशी झाला. तिच्या माहेरचा संबंध मॉरिशसशी होता आणि तिथून आणलेल्या ओताहिती जातीच्या उसाची लागवड स्लीमनने मध्य हिंदुस्थानात करून पाहिली. १८३५-३६ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्याने नर्मदेकाठापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत प्रवास केला. त्यावरचे त्याचे दोन खंडांचे पुस्तक १८४४ मध्ये निघाले. प्रवासाच्या वेळी झाशीचा राजा रामचंद्रराव नुकताच वारला होता. त्या काळातील झाशीचे आणि बुंदेलखंडातल्या इतर संस्थानांचे वर्णन त्यात आले आहे.

१८४३ मध्ये त्याची नेमणूक ग्वाल्हेरला रेसिडेंट, म्हणजे दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून झाली. जनकोजी शिंदे यांच्या निधनानंतर दरबारात वारसा आणि कारभार यांवरून तंटे सुरू होते. त्या वर्षी २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनियार येथे शिंद्यांची फौज आणि कंपनीची फौज यांच्यात लढाया झाल्या. महाराजपूरच्या लढाईला स्लीमन हजर होता. तो १८४९ पर्यंत ग्वाल्हेरचे काम पाहत होता.

१८४९ च्या प्रारंभी लॉर्ड डलहौसीने त्याला लखनौचा रेसिडेंट केले. अवधचा नवाब वाजिद अली शाह याच्या कारभाराची पाहणी करण्यासाठी त्याने डिसेंबर १८४९ ते फेब्रुवारी १८५० या तीन महिन्यांत अवधभर दौरा केला आणि गावोगावी रयतेची गाऱ्हाणी लिहून घेतली. नवाबाच्या राज्यकारभारावर त्याने सडकून टीका केली. तरीही अवध खालसा करायला त्याचा ठाम विरोध होता. कारभार कंपनीने सुधारावा, पण राज्य गिळू नये आणि तिथला महसूल आपल्या खजिन्यात घालू नये, असे त्याचे मत होते. देशी राज्ये बुडवत गेल्याने आपल्याच शिपायांचा भरवसा उडेल, असा इशारा त्याने दिला होता. बंगाल लष्करातले पुष्कळ शिपाई अवधचेच होते आणि १८५७ मध्ये त्या इशाऱ्याचे गांभीर्य सर्वांना पटले.

१८५४ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे त्याने लखनौ सोडले. त्याच्या जागी जेम्स आउट्रम आला. आउट्रम हाही सैनिकी पेशातून बंदोबस्ताच्या कामाकडे वळलेला. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करून त्याने नाव मिळवले होते. स्लीमनने ज्याला विरोध केला, ते अवधचे विलिनीकरण फेब्रुवारी १८५६ मध्ये आउट्रमच्या हातून झाले. त्याच आठवड्यात, १० फेब्रुवारीला, मायदेशी निघालेला स्लीमन सिलोनजवळ ‘मोनार्क’ जहाजावर मरण पावला. त्याचे दफन समुद्रातच झाले. सरकारने त्याला ‘सर’ ही पदवी देण्याचे ठरवले होते, पण तो मान घेण्याआधीच त्याचा अंत झाला. अवधच्या दौऱ्याची त्याची रोजनिशी १८५८ मध्ये प्रसिद्ध झाली. जबलपूर आणि कटनी यांच्यामधील स्लीमनाबाद हे गाव त्याच्या नावाने आजही ओळखले जाते.

स्लीमनच्या मृत्यूनंतर त्याच्या कामाविषयी दंतकथा वाढल्या. त्याचा नातू जेम्स स्लीमन याने १९३३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात ठगांच्या बळींची संख्या दहा लाखांवर नेली. एवढ्या मोठ्या आकड्याला आधार नाही, असे आजचे अभ्यासक मानतात. स्ट्यूअर्ट गॉर्डन, राधिका सिंघा, किम वॅग्नर आदी इतिहासकारांनी या सगळ्या कागदपत्रांची नव्याने छाननी केली. ठगी हा भवानीच्या भक्तीतून जन्मलेला, देशभर एकसूत्रात बांधलेला पंथ होता, हे स्लीमनचे चित्र त्यांना अतिरंजित वाटते. बेकार शिपाई, दुष्काळ, ढासळलेली राज्ये आणि लुटीत भागीदार असलेले जमीनदार ही ठगीची मुळे त्यांनी दाखवून दिली. फाशीच्या भीतीने बोलणाऱ्या माणसाने विचारणाऱ्याला हवे तेच सांगण्याचा धोकाही त्यांनी मांडला. मात्र वाटसरूंचे खून होत होते, याबद्दल शंका उरत नाही. खणून काढलेली प्रेते, परत मिळालेली लूट आणि सावकारांच्या फिर्यादी त्याची साक्ष देतात. १८४० नंतर मध्य हिंदुस्थानच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या एकट्यादुकट्याला जिवाची भीती पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली, याचे श्रेय स्लीमनला दिलेच पाहिजे.

त्याच्या पद्धतीचा दुसरा परिणाम अधिक काळ टिकला. वंशावळीवरून गुन्हेगार शोधणे हे ठगांच्या तपासात सोयीचे होते. पुढच्या राज्यकर्त्यांनी त्याचा सिद्धान्त केला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींच्या माथी जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. महाराष्ट्रात पारधी, कैकाडी, बेरड आणि इतर कित्येक समाजांना हजेरी, तारेच्या कुंपणातल्या वसाहती आणि पोलिसांचा ससेमिरा यांचा जाच सोसावा लागला. सोलापूरची सेटलमेंट ही वसाहत त्याचीच साक्षीदार आहे. हा कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. या जमातींच्या लोकांना आता विमुक्त म्हटले जात असले, तरी संशयाची जुनी नजर अजून पुरती निवळलेली नाही आणि हा अन्याय आजही डाचतो.

ठगी व डकैती खाते १९०४ पर्यंत चालू होते. लॉर्ड कर्झनच्या काळात ते मोडून त्याच्या जागी केंद्रीय गुन्हेविषयक गुप्तवार्ता खाते आले. आजच्या गुप्तवार्ता विभागाची परंपरा तिथपर्यंत जाते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ठगाची व्याख्या आणि त्याची शिक्षा कलम ३१० आणि ३११ मध्ये घातली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमे राहिली नाहीत.